डेस्कटॉपची रॅम वाढवताना: वेग सगळ्यात शेवटी बघा

रॅम घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती बसची, म्हणजे किती वेगाची घेऊ?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. वेग जुळला नाही तर सगळ्या स्टिक्स कमी वेगावर येतात आणि मशीन बहुतेक वेळा चालू राहतं. पिढी (डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५) चुकली तर स्टिक स्लॉटमध्ये बसतच नाही. प्रकार (साधी की सर्व्हरची) चुकला तर बसते, पण स्क्रीन काळीच राहते. चिपची मांडणी चुकली तर दुकानदाराच्या मशीनवर चालते आणि घरी चालत नाही, हा प्रकार सगळ्यात वैतागाचा. म्हणून क्रम असा ठेवायचा: पिढी, आकार, प्रकार, क्षमता, चिपची मांडणी, आणि मग वेग. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की चुकीची स्टिक घेऊन ड्रॉवरमध्ये टाकणं परवडणारं नाही.

रॅमच हवी आहे ना?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर जा. रोजचं काम चालू असताना बघायचं, मशीन नुकतं सुरू झालेलं असताना नाही. ब्राउझरचे नेहमीचे टॅब, टॅली, एक्सेल, जे काही असेल ते उघडं ठेवा. 'कमिटेड' या शब्दाखाली दोन आकडे असतात. त्यातला पहिला आकडा मशीनमधल्या एकूण रॅमच्या पुढे सतत जात असेल, तर विंडोज डिस्कवर उसनवारी करतंय आणि रॅम वाढवल्याचा फायदा दिसेल. आठ जीबीच्या मशीनवर हा आकडा पाच-साडेपाचच्या आसपास असेल आणि तरी सगळं रखडत असेल, तर दोष दुसरीकडे आहे. विंडोज अजून जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर पैसे आधी एसएसडीवर घाला.

आणखी एक तपासणी: 'सेटिंग्ज'मधल्या 'सिस्टिम', 'अबाउट'मध्ये विंडोज ६४-बिट आहे का ते बघा. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरूच शकत नाही, कितीही घाला.

त्याच मेमरीच्या पानावर खाली वेग, वापरलेले स्लॉट आणि फॉर्म फॅक्टर दिसतात. स्लॉटच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास नको. काही बोर्ड दोनच स्लॉट असताना चार असल्याचं सांगतात. खात्री हवी तर कॅबिनेटची बाजू उघडून बघणं सगळ्यात सोपं. सीपीयू-झी हे मोफत सॉफ्टवेअर बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि प्रत्येक स्लॉटमधल्या स्टिकचा तपशील देतं. त्यात मेमरीची फ्रीक्वेन्सी १३३३ च्या आसपास दिसली तर घाबरू नका, डीडीआरचा आकडा त्याच्या दुप्पट असतो, म्हणजे ती २६६६ ची स्टिक आहे. लिनक्सवाल्यांना हीच माहिती डीएमआयडीकोड ही कमांड देते.

पिढी आणि आकार

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. डीडीआर३ ला २४० पिना, १.५ व्होल्ट. डीडीआर४ ला २८८ पिना, १.२ व्होल्ट. डीडीआर५ लाही २८८ पिना, पण १.१ व्होल्ट आणि खाच वेगळ्या जागी. खाच जुळत नसेल तर बहुतेक वेळा स्टिक उलटी धरली आहे किंवा पिढी चुकली आहे. जोर लावू नका.

इंटेलमध्ये दुसऱ्या ते चौथ्या पिढीपर्यंत डीडीआर३ आहे. सहावी आणि सातवी पिढी हा घोटाळ्याचा टप्पा: एच११० चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपचे) बोर्ड डीडीआर३ आणि डीडीआर४ अशा दोन्ही प्रकारांत निघाले, त्यामुळे "आय५ सहावी पिढी" एवढ्यावर रॅम मागू नका. आठव्यापासून अकराव्यापर्यंत डीडीआर४. बारावी ते चौदावी पुन्हा दोन्हीकडची. बोर्डाच्या नावामागे 'डी४' किंवा 'डीडीआर४' लिहिलेलं असेल तर डीडीआर४, बाकीच्यांचं कंपनीच्या पानावर बघून घ्या. कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे डेस्कटॉप प्रोसेसर फक्त डीडीआर५ घेतात. एएमडीचं गणित सुटसुटीत आहे, एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४ आणि एएम५ म्हणजे डीडीआर५.

डीडीआर३ मध्ये एक पोटभेद आहे, डीडीआर३एल, १.३५ व्होल्टची. ती १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून जुन्या बोर्डात घालायला हरकत नसते. उलटं करू नका. सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरसाठी इंटेलने १.३५ व्होल्टचीच शिफारस केली आहे, तिथे साधी १.५ व्होल्टची स्टिक कायम वापरणं धोक्याचं.

आकाराबद्दल थोडक्यात: नेहमीच्या डेस्कटॉपची स्टिक सव्वातेरा सेंटिमीटरपेक्षा किंचित लांब असते, लॅपटॉपची जवळपास निम्मी. पण पुस्तकाएवढे मिनी पीसी आणि ऑल-इन-वन बहुतांशी लॅपटॉपचीच स्टिक घेतात, मग बिलावर 'डेस्कटॉप' लिहिलेलं असो वा नसो.

जिथे पैसे बुडतात: सर्व्हरची रॅम आणि 'फक्त एएमडी'वाली

जुन्या सर्व्हरमधून निघालेली डीडीआर४ रॅम लॅमिंग्टन रोडपासून नेहरू प्लेसपर्यंत आणि ऑनलाइनही मिळते, तीही साध्या रॅमच्या मानाने स्वस्त. तिला रजिस्टर्ड किंवा आरडीआयएमएम म्हणतात. साध्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये ती व्यवस्थित बसते, खाचही जुळते, आणि मशीन चालू होत नाही. बायोस (बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) बदलून, सेटिंग बदलून काही होत नाही, कारण साध्या डेस्कटॉप प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर मधला रजिस्टर घेऊन बोलूच शकत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. स्टिकच्या मधोमध, मोठ्या चिपच्या ओळीत एक वेगळ्या आकाराची चिप असते, ती रजिस्टर. डीडीआर५ मध्ये हा घोळ मिटला, तिथे सर्व्हरच्या स्टिकची खाचच वेगळी आहे.

ईसीसी, म्हणजे माहितीतल्या चुका स्वतः दुरुस्त करणारी रॅम, ही त्याहून वेगळी गोष्ट. रजिस्टर नसलेली ईसीसी स्टिक बऱ्याच रायझेन बोर्डांवर चालते, इंटेलच्या घरगुती बोर्डांवर चालली तर साध्या रॅमसारखी चालते, चूक-दुरुस्ती होत नाही. जादा पैसे देऊन घेण्यात अर्थ नाही.

दुसरा सापळा डीडीआर३ चा. इंटेलच्या एच६१ किंवा एच८१ बोर्डांसाठी ८ जीबीची स्टिक शोधताना काही ठिकाणी भाव फारच खाली दिसतो आणि बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं 'फॉर एएमडी'. या स्टिक्सवर नेहमीच्या आठ-बिटी चिप्सऐवजी चार-बिटी चिप्स असतात. काही एएमडी बोर्ड त्या चालवून घेतात, इंटेल घेत नाही. दुकानात एएमडीच्या मशीनवर लावून दाखवली म्हणजे तुमच्याकडे चालेल असं नाही.

क्षमता: प्रोसेसरची, बोर्डाची आणि एका स्लॉटची

एकूण मर्यादा आणि एका स्लॉटची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एच६१ आणि एच८१ बोर्डांना साधारणपणे दोन स्लॉट असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ८ जीबी, एकूण १६. म्हणजे ४+४ असलेल्या मशीनला १६ जीबीपर्यंत न्यायचं तर दोन्ही स्टिक्स काढाव्या लागतील. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीला स्लॉटमागे १६ जीबी झेपते, ३२ जीबीची एकच डीडीआर४ स्टिक तिथे चालत नाही. आठव्या-नवव्या पिढीत ३२ जीबीच्या स्टिक्स नव्या बायोसनंतर चालू लागल्या. डीडीआर५ मध्ये २४ आणि ४८ जीबीच्याही स्टिक्स आल्या आहेत. त्या घेण्याआधी बायोस अद्ययावत करा, आणि तेही जुनी रॅम लावलेली असतानाच.

एकाऐवजी दोन स्टिक्स का? दोन चॅनेलसाठी, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन समांतर वाटांसाठी. ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी माहिती हलवू शकते, दोन वेगवेगळ्या चॅनेलवर असतील तर ५१.२. ज्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे त्याला रोजच्या कामात हा फरक क्वचित जाणवेल. पण रायझेन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरचं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, तिथे एकट्या ८ जीबीचं ८+८ केलं की खेळ स्पष्टपणे सुधारतात. असं मशीन एकाच स्टिकवर चालत असेल तर दुसरी घेणं हाच सगळ्यात स्वस्त अपग्रेड.

८+१६ अशी विजोड जोडीही चालते. इंटेलमध्ये पहिले ८+८ दोन चॅनेलवर आणि उरलेले ८ एका चॅनेलवर जातात. हातात ८ ची चांगली स्टिक आहे आणि २४ जीबी पुरणार आहे, तर ती फेकून नवीन जोडी घेण्याची गरज नाही.

लेबल वाचा

कॅबिनेट उघडलंच आहे तर आतली स्टिक काढून लेबलाचा फोटो घ्या. हीट स्प्रेडर (उष्णता पसरवणारं धातूचं आवरण) नसलेल्या साध्या स्टिकवर अशी ओळ असते: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२-११. अक्षरं अर्थात रोमन. 'पीसी४' म्हणजे डीडीआर४. '२६६६' हा वेग, त्याला चिकटलेला 'व्ही' त्या वेगाचा प्रमाणित लेटन्सी (विलंब) गट दाखवतो. पुढच्या 'यूए२' मधलं पहिलं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: 'यू' असेल तर साधी डेस्कटॉपची, 'एस' लॅपटॉपची, 'ई' ईसीसी, 'आर' किंवा 'एल' सर्व्हरची. सेकंडहँड स्टिक घेताना विक्रेत्याकडून दुसरं काही नको, या ओळीचा स्पष्ट फोटो मागा.

काही लेबलांवर वेगाऐवजी बँडविड्थ छापलेली असते. आठाने भागा. पीसी३-१२८०० म्हणजे १६००, पीसी४-२१३०० म्हणजे २६६६, पीसी४-२५६०० म्हणजे ३२००, पीसी५-३८४०० म्हणजे ४८००.

आता '१आरएक्स८'. एक रँक (एकत्र काम करणाऱ्या चिप्सचा एक गट), प्रत्येक चिप आठ बिटांची, म्हणजे स्टिकवर आठ चिप्स. '२आरएक्स८' म्हणजे सोळा. '१आरएक्स१६' म्हणजे चारच चिप्स, बोटाने मोजता येतात. ८ जीबी डीडीआर४ मध्ये चार चिप्सच्या स्टिक्स बाजारात भरपूर आहेत. त्या चालतात, पण आतल्या बँकांचे गट निम्मे असल्याने त्याच वेगाच्या आठ चिप्सवाल्यापेक्षा मागे पडतात. ऑफिसच्या कामाला फरक पडत नाही, वर सांगितलेल्या ५६००जी साठी मात्र पडतो. भाव सारखा असेल तर आठ चिप्सचीच मागा. नऊ चिप्स दिसल्या तर ती ईसीसी.

कंपनीचा पार्ट नंबरही बोलतो. किंग्स्टनच्या केव्हीआर३२एन२२एस८/८ मध्ये ३२ म्हणजे ३२००, एन म्हणजे ईसीसी नसलेली डेस्कटॉपची, २२ ही सीएल (माहिती मिळेपर्यंतच्या विलंबाचा आकडा), एस८ म्हणजे एक रँक आणि आठ-बिटी चिप्स, शेवटचा ८ म्हणजे जीबी. हाच नंबर एस६/८ ने संपत असेल तर ती चार चिप्सवाली. बिलावर पूर्ण नंबर लिहून घ्या. '८ जीबी डीडीआर४' एवढंच लिहिलेलं बिल बदलून घेताना कामाला येत नाही.

आता वेग

खोक्यावरचा आकडा दोन प्रकारचा असतो आणि फसगत इथे होते. एक प्रमाणित, म्हणजे जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा वेग, तो स्टिक कुठल्याही बोर्डावर आपोआप देते. दुसरा एक्सएमपी (एएमडीसाठी एक्सपो) या स्टिकमधल्या तयार सेटिंगचा, तो बायोसमध्ये चालू करावा लागतो आणि बोर्डाने परवानगी दिली तरच चालतो. हीट स्प्रेडरवाल्या अनेक ३२०० सीएल१६ स्टिक्सचा मूळ वेग २१३३ असतो. कोर्सेअर आपल्या तपशीलपानावर 'टेस्टेड स्पीड' आणि 'एसपीडी स्पीड' असे दोन आकडे वेगळे देते, त्यातला दुसरा बघा.

आता डेलचा ऑप्टिप्लेक्स किंवा एचपीचा एलिटडेस्क यांसारखं ऑफिसातून निघालेलं मशीन घ्या. त्यांच्या बायोसमध्ये सहसा एक्सएमपीचा पर्यायच नसतो. तिथे ती ३२०० ची झगमगीत स्टिक २१३३ वर धावेल आणि शेजारच्या २६६६ च्या मूळ स्टिकलाही खाली ओढेल. म्हणजे पैसे घालून मशीन हळू केलं. अशा मशीनला साधी हिरवी किंवा काळी, मूळ वेगच २६६६ किंवा ३२०० असलेली १.२ व्होल्टची स्टिक घ्या. जास्त वेगाची प्रमाणित स्टिक कमी वेगाच्या बोर्डावर आपोआप खाली येते, त्यात नुकसान नाही.

स्वतः जोडलेल्या मशीनलाही चिपसेटची मर्यादा असते. एच३१० आणि बी३६० २६६६ च्या वर जात नाहीत. एच४१०, बी४६० आणि एच५१० वर मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही, प्रोसेसरचा अधिकृत वेग हीच मर्यादा, म्हणजे दहाव्या पिढीच्या आय३-आय५ ला २६६६, आय७-आय९ ला २९३३. बी५६० पासून इंटेलच्या बी मालिकेत ही मोकळीक आली. एएमडीकडे रायझेन ३००० आणि ५००० च्या डेस्कटॉप प्रोसेसरना अधिकृत ३२००, मात्र ३२००जी सारख्या नावाने ३००० पण आतून जुन्या असलेल्यांना २९३३.

सीएलचा आकडा एकटा बघून उपयोग नाही. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतात. ३२०० सीएल१६ चे दहा, ३६०० सीएल१८ चेही दहाच, प्रमाणित ३२०० सीएल२२ चे पावणेचौदा, डीडीआर५ ६००० सीएल३० चे पुन्हा दहा. ३६०० ला जादा पैसे मोजण्याआधी हा भागाकार करून बघा.

डीडीआर५ मध्ये चार स्टिक्सचा मोह टाळा. रायझेन ७००० चा अधिकृत वेग दोन स्टिक्सना ५२००, चार लावल्या की ३६००. नंतर वाढवू म्हणून १६+१६ घेऊन ठेवण्यापेक्षा लागणारी क्षमता दोनच स्टिक्समध्ये घ्या. आणि एक्सएमपी-एक्सपोवर चालवायचं असेल तर एकाच पाकिटातली जोडी घ्या. पार्ट नंबर तोच असला तरी आतल्या चिप्स वेगळ्या निघू शकतात, जोडी मात्र एकत्र तपासून विकलेली असते.

मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर 'क्यूव्हीएल' नावाची चाचणी झालेल्या स्टिक्सची यादी असते. तुमची स्टिक त्यात नाही म्हणून ती चालणार नाही असं नव्हे. प्रमाणित वेगाच्या स्टिकसाठी यादी धुंडाळण्यात वेळ घालवू नका. ६००० च्या पुढची डीडीआर५ घेताना मात्र जरूर बघा, आणि त्यातला किती स्टिक्सवर चाचणी झाली हा रकाना वगळू नका.

बसवणं

शट डाउन करा, मागचं स्विच बंद करा, वायर काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावून मग स्टिक हातात घ्या, कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको. थंडीच्या कोरड्या दिवसांत सिंथेटिक गालिच्यावर बसून हे काम करू नये.

चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक्स असतील तर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा, बोर्डावर बहुधा ए२ आणि बी२ छापलेलं असतं. शेजारी-शेजारी लावल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात. प्रोसेसरवर मोठा एअर कूलर असेल तर उंच हीट स्प्रेडर त्याखाली अडकतो, घेण्याआधी पट्टीने जागा मोजा.

क्लिप उघडा, खाच जुळवा, दोन्ही टोकांना अंगठ्याने सरळ खाली दाबा. काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असते. तिथे क्लिप नसलेलं टोक अर्धवट राहतं आणि वरून बघता कळत नाही, बाजूने नजर टाकून सोनेरी पट्टी सगळीकडे सारखी आत गेली आहे का बघा. 'नवी रॅम खराब निघाली' या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच सुटतात.

चालू झालं नाही तर

डीडीआर५ असेल तर आधी थांबा. नवी रॅम बघून बोर्ड स्वतःचं जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर स्क्रीन काळी असते. घाईने बंद केलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

इतरांनी वायर काढून नवी स्टिक एकटीच ए२ मध्ये लावावी. चालली तर जुनीसोबत जुळत नाही एवढंच. मग एक्सएमपी बंद करून दोन्ही पुन्हा लावा. एकटीही चालत नसेल तर सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग्ज मूळपदावर आणा: वायर काढलेली असताना सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, किंवा बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेला जम्पर वापरा. त्यानंतर बायोस अपडेट, तेही जुन्या रॅमवर. हे सगळं करूनही काही नाही तर लेबल पुन्हा वाचा.

कोकण-मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या रिकाम्या स्लॉटमध्ये धूळ आणि ओल बसते. ब्लोअर किंवा मऊ कोरडा ब्रश पुरतो. जुन्या स्टिकच्या पट्ट्या खोडरबराने घासायची पद्धत सगळीकडे आहे, पण सोन्याचा थर फार पातळ असतो. मऊ पांढरा रबर, एक-दोनदाच, आणि कॅबिनेटपासून लांब, नाहीतर त्याचा भुगा स्लॉटमध्ये जाऊन नवीन दुखणं सुरू होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळत असेल तर रबराची गरजच नाही.

मशीन चालू झालं म्हणजे काम झालं असं नाही. टास्क मॅनेजरमध्ये क्षमता आणि वेग बघा, सीपीयू-झी मध्ये चॅनेल 'ड्युअल' किंवा '२ x ६४-बिट' (डीडीआर५ ला '४ x ३२-बिट') दिसतो का बघा. मग मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करा आणि निदान चार फेऱ्या होऊ द्या. १६ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून ठेवा. एक जरी लाल ओळ आली तरी ती चालवून घेऊ नका, तीच पुढे बिघडलेल्या फायली आणि कारण न कळणारे निळे स्क्रीन होऊन येते. एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. त्रुटी गेल्या तर वेग एक पायरी खाली आणा. न गेल्या तर एकेक स्टिक वेगळी, त्याच स्लॉटमध्ये तपासा आणि दोषी सापडली की बदलून घ्या. तोवर खोकं, बिल आणि जुनी स्टिक कुणाला देऊन टाकू नका.